रास्पबेरी पाय ५ आणि कोडी: घरचा मीडिया कॉम्प्युटर, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगते, तुमच्या घरी टीव्ही म्हणजे फक्त ओटीटी असेल तर हे काही घेऊ नका, एखादी फायर टीव्ही स्टिक नाहीतर गूगल टीव्हीवाला डोंगल घ्या आणि मोकळे व्हा. पण घरात डीव्हीडींचा खोका पडून असेल, जुन्या नाटकांच्या व्हीसीडी असतील, लग्नामुंजीचं शूटिंग दोन-तीन हार्ड डिस्कवर विखुरलेलं असेल आणि मोबाईलमधले व्हिडिओ कोणी कधी बघतच नसेल, तर रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डावरचा अख्खा कॉम्प्युटर) आणि त्यावर लिब्रेइलेक (कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवणारी सिस्टिम) ही जोडी आत्ता मिळणाऱ्या पर्यायांमध्ये मला सगळ्यात चांगली वाटते. आणि याचं मुख्य कारण स्पीड नाहीये, रिमोट आहे.

म्हणजे बघा, मीडिया कॉम्प्युटर म्हटलं की लोक प्रोसेसर आणि रॅमबद्दल बोलायला लागतात, पण घरातली मोठी माणसं तो वापरणार की नाही हे ठरतं हातात काय द्यावं लागतंय त्यावर. वायरलेस कीबोर्ड दिला की संपलं, तो सोफ्याच्या फटीत जातो आणि परत "अगं जरा लावून दे ना" सुरू होतं. पायच्या एचडीएमआय पोर्टला सीईसी आहे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटची बटणं एचडीएमआयच्या वायरीतून पायपर्यंत पोचतात, वेगळं काही लागत नाही. सॅमसंगच्या मेनूत ते एनीनेट प्लस नावाने सापडेल, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, ते ऑन करायचं आणि कोडी आपोआप ओळखतं. आमच्याकडे आई आणि सासूबाई दोघीही वर-खाली-ओके-बॅक एवढ्या चार बटणांवर स्वतःचं स्वतः नाटक लावून बसतात, मला हाक मारत नाहीत, आणि माझ्या मते या सेटअपचे निम्मे मार्क यालाच आहेत. साध्या इंटेलच्या पीसीला बहुतेक वेळा सीईसी नसतंच, त्यासाठी पल्स-एट कंपनीचा वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो आणि तो इकडे सहज मिळत नाही.

आता वस्तूंबद्दल. पाय ५ हा बोर्ड २०२३ मध्ये आला, आत २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर, आणि लाँचच्या वेळी ४ जीबीवाला ६० डॉलर, ८ जीबीवाला ८० डॉलर अशी किंमत होती, नंतर मेमरी महागली तसे हेही महागले, त्यामुळे घ्यायच्या दिवशीचा भाव बघा. फक्त कोडी चालवायचं असेल तर ८ जीबीला पैसे घालू नका, ४ भरपूर झाले, २ जीबीवालासुद्धा चालतो. जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती गोष्ट म्हणजे अडॅप्टर. पाय ५ ला ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देणारा, २७ वॅटचा म्हणून विकला जाणारा, त्यांचा स्वतःचा अडॅप्टर येतो तोच घ्या. मोबाईलचा चार्जर लावला तरी बोर्ड चालू होतो म्हणून लोकांना वाटतं चाललंय की, पण ५ अँपिअर मिळत नाहीयेत असं दिसलं की बोर्ड सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो, आणि मग पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक करत बंद पडते. योग्य अडॅप्टर असला की तेच १.६ अँपिअर होतात आणि एक हार्ड डिस्क आरामात चालते.

वायर नेहमीची चालत नाही, बोर्डवर मायक्रो एचडीएमआय आहे, तेव्हा मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय अशी अखंड वायर घ्या, ते छोटं कन्व्हर्टर टोक नको, टीव्हीच्या मागे लोंबकळून सैल होतं. दोन पोर्ट आहेत त्यातलं पॉवरच्या शेजारचं वापरायचं. अजून एक, पाय ५ ला हेडफोनचा जॅक काढून टाकलाय, ज्यांना घरातल्या जुन्या अँप्लिफायरला थेट जोडायचंय त्यांना एकतर टीव्हीतून आवाज न्यावा लागेल नाहीतर यूएसबी साउंड कार्ड लागेल. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं, पण बोर्ड शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिलासकट घ्या.

सॉफ्टवेअर बसवणं हा खरं तर सगळ्यात सोपा भाग. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उघडायचं, त्यात मीडिया प्लेअरच्या यादीत लिब्रेइलेक असतंच, ते मेमरी कार्डवर लिहायचं, कार्ड बोर्डात घालायचं, वायफाय जोडायचं, झालं. लिब्रेइलेक म्हणजे फक्त कोडी चालवायला लागेल तेवढंच लिनक्स, डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही, चालू केलं की थेट कोडी. कोडी स्वतः बरंच जुनं आहे, पहिल्या एक्सबॉक्ससाठी काढलेलं एक्सबीएमसी ते हेच, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं, फुकट आहे आणि एका ना-नफा संस्थेतर्फे चालतं. इतकी वर्षं इतक्या लोकांनी त्यावर काम केलंय ते वापरताना कळतं, छोट्या छोट्या गोष्टींचा विचार केलेला दिसतो.

मराठीवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या. देवनागरीत फाइलची नावं दिली आणि स्क्रीनवर नुसते चौकोन दिसले तर घाबरू नका, सेटिंग्जमध्ये इंटरफेस, तिथे स्किन, त्यात फॉन्ट हा पर्याय "एरियल बेस्ड" करा, चौकोन जातात. मग "नाटकं", "सिनेमे", "घरचं", "गणपती" अशी मराठीत फोल्डरं दिसायला लागली की घरातल्यांना ती वस्तू आपली वाटते, इंग्रजी मेनूत कुठे काय ते शोधत बसत नाहीत.

आता ज्यासाठी मी हे सगळं केलं ते. मराठी घरांमध्ये दोन हजारच्या दशकात व्हीसीडी इतक्या घेतल्या गेल्या की विचारू नका, नाटकांच्या, सिनेमांच्या, कीर्तनांच्या, बालगीतांच्या, आणि त्यातलं कितीतरी ओटीटीवर नाहीये, असलं तरी अर्धं कापलेलं नाहीतर मध्येच गायब झालेलं. या डिस्क आता चालवायच्या कशावर, प्लेअर बंद पडलेत आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. तर एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, विंडोज लॅपटॉपला लावा आणि व्हीसीडी उघडा, त्यात एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डॅट एक्स्टेन्शनची मोठी फाइल, ती सरळ कॉपी करायची, तीच तुमची फिल्म. विंडोज मुद्दाम म्हणतेय कारण लिनक्सवर ही फाइल साध्या कॉपीने बऱ्याचदा एरर देते, व्हीसीडीवर व्हिडिओ वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. त्याच पद्धतीमुळे ओरखड्यांनाही ती जास्त नाजूक, डेटा सीडीवर चुका दुरुस्त करायला जास्तीची माहिती ठेवलेली असते ती व्हीसीडीच्या व्हिडिओला नसते, सगळी जागा चित्राला दिलेली. म्हणून ज्या डिस्क वाचतायत त्या आत्ता कॉपी करून घ्या, पुढच्या दिवाळीच्या सफाईपर्यंत थांबू नका. अडकलेली डिस्क मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघायची, एक ड्राइव्ह नाही म्हणतो ते दुसरा वाचतो असं होतं.

एका व्हीसीडीवर साधारण सव्वा तास मावतो त्यामुळे नाटक दोन डिस्कचं, सिनेमा दोन किंवा तीन डिस्कचा. कोडीत फाइलच्या नावाच्या शेवटी सीडी१, सीडी२ असं दिलं (सीडी ही अक्षरं इंग्रजीत आणि आकडा इंग्रजी, एवढं पाळा) तर ते सगळे भाग एकच सिनेमा म्हणून दिसतात आणि एक संपला की दुसरा आपोआप लागतो. उठून डिस्क बदलायची ती भानगडच संपली. चित्राबद्दल खरं सांगायचं तर व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच आहे, ५५ इंची टीव्हीवर ते धूसरच दिसणार, कुठलाही बॉक्स त्यात जादू करू शकत नाही. पण नाटकाला संवाद ऐकू येतायत, चेहरे कळतायत, एवढं पुरतं. फक्त टीव्हीच्या सेटिंगमधला शार्पनेस अगदी कमी करा, तो वाढवला की चौकोनी ठिपके उठून दिसतात आणि डोळ्यांना त्रास होतो.

डीव्हीडीचं काम जास्त समाधानाचं. तिचं चित्र ७२० बाय ५७६ चं, मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने आतला व्हिडिओ जसाच्या तसा एका फाइलीत काढता येतो, परत दाबत नाही म्हणजे क्वालिटी कमी होत नाही. जागा जाते, एका डीव्हीडीला ४ ते ८ जीबी, पण आता हार्ड डिस्कच्या मानाने ते काहीच नाही, उगाच लहान करायच्या नादात चित्र खराब करू नका. डीव्हीडीला ती जगाच्या कुठल्या भागात चालावी याचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात, भारतातल्या डीव्हीडी रीजन ५ च्या, आणि अमेरिकेतून कोणी नातेवाइकांनी आणलेल्या रीजन १ च्या, ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो हे लक्षात ठेवून काय ते ठरवा. आणि हे सगळं स्वतः विकत घेतलेल्या डिस्कबद्दल बोलतेय, भाड्याने आणून कॉपी करणं वेगळं.

चालवताना एक सेटिंग आहे ज्याच्याबद्दल कोणी सांगत नाही आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो. आपल्याकडच्या डीव्हीडी, व्हीसीडी, जुनं कॅमकॉर्डरचं शूटिंग हे बहुतेक पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ फ्रेम. टीव्हीला पाय जोडला की तो साधारण ६० हर्ट्झवर बसतो, आणि २५ फ्रेम ६० मध्ये सारख्या वाटता येत नाहीत, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक हिसके देत पुढे जातं, बघणाऱ्याला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. कोडीत सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओ, तिथे "अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट" हे "ऑन स्टार्ट/स्टॉप" करा. मग २५ चं काही लावलं की टीव्ही ५० हर्ट्झवर जातो, २४ चा सिनेमा लावला की २४ वर, सुरुवातीला एक-दोन सेकंद स्क्रीन काळी होते तेवढंच. आमच्याकडे हे केल्यावर लग्नाचं शूटिंग इतकं सरळ दिसायला लागलं की बाबांना वाटलं दुसरी कॉपी मिळाली. कितीतरी महाग टीव्हीतलं अ‍ॅप हे करत नाही, म्हणून मी म्हणते की स्वतःच्या फाइली बघायच्या तर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे.

लायब्ररीचं थोडक्यात. कोडी सिनेमाचं नाव आणि वर्ष वाचून टीएमडीबी या साइटवरून पोस्टर आणि माहिती आणतं. फोल्डरला नाव इंग्रजी अक्षरांत आणि पुढे कंसात वर्ष द्या, वर्ष नसेल तर त्याच नावाचा हिंदी किंवा तमिळ सिनेमा चिकटतो. गाजलेले मराठी सिनेमे सापडतात, नाटकं सहसा नाही. नाटकांसाठी मी सरळ प्रत्येक फोल्डरमध्ये व्हीसीडीच्या कव्हरचा मोबाईलवर काढलेला फोटो पोस्टर म्हणून ठेवलाय, आणि खरं सांगू का, इंटरनेटवरच्या पोस्टरपेक्षा हेच बरं, आईला ती डिस्क कव्हरवरूनच ओळखू येते.

नव्या फाइलींचं काय, तर मोबाईलने हल्ली बरेचदा एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट होतं आणि पाय ५ मध्ये त्यासाठी हार्डवेअर आहे, ४के ६० फ्रेमपर्यंत सुरळीत चालतं. एचडीआर१० चालतं, डॉल्बी व्हिजन नाही. विचित्र गोष्ट म्हणजे जुन्या एच.२६४ साठीचा हार्डवेअर डिकोडर पाय ४ मध्ये होता तो पाय ५ मध्ये काढलाय, सगळं प्रोसेसरवर, पण प्रोसेसर तेवढा दमदार आहे की १०८०पी ला काही फरक कळत नाही. एव्ही१, म्हणजे यूट्यूब वापरतं तो आणखी नवा फॉरमॅट, त्याचं हार्डवेअर नाही. त्यामुळे यूट्यूबवर ४के बघायचा विचार असेल तर तो टीव्हीतल्या अ‍ॅपवरच बघा, शिवाय कोडीच्या यूट्यूब अ‍ॅड-ऑनला स्वतःची एपीआय की (गूगलकडून मिळणारा एक कोड) काढावी लागते, ती खटपट मला तरी पटत नाही.

ओटीटीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे म्हणून जरा स्पष्ट लिहिते. नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार, झी५, कोणाचंही कोडीसाठी अधिकृत अ‍ॅप नाही. ही सगळी मंडळी वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात, त्याच्या पातळ्या असतात, आणि एचडी किंवा ४के मिळायला टीव्ही किंवा स्टिकमध्ये त्या पातळीचं हार्डवेअर असावं लागतं, म्हणजे एल१. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर मिळते ती सॉफ्टवेअरमधली एल३, त्यामुळे तुम्ही ४के चे पैसे भरलेले असले तरी चित्र खालच्या दर्जाचं येतं. अ‍ॅड-ऑन घालून जुगाड करणारे आहेत, एक दिवस चालतं, मग कंपनी काहीतरी बदलते आणि ऐन रविवारी रात्री बंद. माझं मत, एचडीएमआय १ ला पाय, एचडीएमआय २ ला स्टिक, दोन्ही आपापलं काम करतात, भांडण नाही.

पायऐवजी छोटा पीसी घ्यावा का असं बरेच जण विचारतात. ऑफिसांतून निघालेले थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो असे डबे रिफर्बिश्ड स्वस्तात मिळतात आणि वस्तू मजबूत असते. पण घेताना प्रोसेसरची जनरेशन बघा, ६व्या जनरेशनला १० बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर नीट झेपत नाही, ७वी किंवा पुढचीच घ्या, दुकानदार "आय५ आहे साहेब, सगळं चालतं" म्हणून ६वी गळ्यात मारतो. मागे पोर्ट कुठलं तेही बघा, बऱ्याच डब्यांना डिस्प्लेपोर्ट असतं, आणि एचडीएमआय असलं तरी जुन्या १.४ चं असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर. नवा घ्यायचा तर इंटेल एन१०० वाले मिनी पीसी खरंच छान, ६ वॅटचा प्रोसेसर, एव्ही१ पण हार्डवेअरवर. दोन-तीन खोल्यांत वेगवेगळ्या टीव्हींवर, परगावच्या मुलांच्या मोबाईलवर तीच लायब्ररी हवी असेल तर एन१०० वर जेलीफिन (घरच्या फाइली दुसऱ्या टीव्ही-मोबाईलना पाठवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्याला व्हिडिओ जागच्या जागी लहान करून पाठवावा लागतो आणि पाय ५ ला व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाही, तिथे तो दमतो. एका टीव्हीसाठी मात्र मी पायच घेईन, पुन्हा तेच, रिमोट.

लाइटचा मुद्दा आपल्याकडे टाळून चालत नाही. गुरुवारी मेंटेनन्सला जाते, पावसाळ्यात कधीही जाते. पायचं चांगलं असं की लाइट आली की तो आपोआप चालू होऊन कोडीवर येऊन थांबतो, पीसीला त्यासाठी बायोसमध्ये सेटिंग शोधावं लागतं. लिब्रेइलेकच्या सिस्टिमच्या फाइली रीड-ओन्ली असतात त्यामुळे झटक्यात गेलेल्या लाइटने सगळंच उडायची भीती कमी, तरी लायब्ररीची माहिती कार्डवर लिहिली जातेच, म्हणून वायफाय राउटरच्याच छोट्या यूपीएसवर बसवता येईल का ते बघू नका, त्याला ५ अँपिअर मिळत नाहीत, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. वीज फारशी खात नाही, व्हिडिओ चालतानाही दहा वॅटच्या आतच, रात्रंदिवस चालू ठेवला तरी बिलात कळत नाही. गरम मात्र होतो. मे महिन्यात बंद टीव्ही युनिटमध्ये कोंडून ठेवू नका, फॅनचा आवाज नको असेल तर पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची केस मिळते, सगळी केसच उष्णता बाहेर टाकते, रात्री शांत प्रसंगात घूं-घूं ऐकू येत नाही.

आणि बाजारात "सगळे चॅनेल, सगळे सिनेमे फ्री" म्हणून कोडी घातलेले बॉक्स विकतात ते कृपा करून घेऊ नका. कोडीचे लोक स्वतः त्याच्या विरोधात आहेत, कोडीत मुळात एकही सिनेमा येत नाही, त्या बॉक्समध्ये कोणी काय घातलंय ते तुम्हाला माहीत नसतं आणि तो तुमच्या घरच्या वायफायवर बसलेला असतो. मराठी निर्मात्याचे चार पैसे बुडतात ते वेगळंच.

शेवटचं काम, बॅकअप. लिब्रेइलेकच्या सेटिंगमध्ये सिस्टिम आणि कोडीचा बॅकअप घ्यायचा पर्याय आहे, सगळं लावून झालं की तो एकदा घ्या आणि लॅपटॉपवर काढून ठेवा, कार्ड गेलं तर अर्ध्या तासात होतं तसं उभं राहतं. व्हिडिओंसाठी तेवढ्याच आकाराची दुसरी हार्ड डिस्क, आणि ती त्याच कपाटात नको, भावाकडे, बहिणीकडे, कुठेतरी दुसऱ्या घरात. आमची दुसरी डिस्क साताऱ्याला मामाकडे असते, त्यामुळे मामाकडेही आता तीच नाटकं लागतात आणि त्यालाही एक पाय लावून द्यायचा ठरलाय, त्याचा टीव्ही जुना फुल एचडीच आहे म्हणून त्याच्यासाठी पाय ४ बघतेय, तेवढ्याला तो व्यवस्थित पुरतो.